शाळेने ओरिजिनल सर्टिफिकेट अडवून ठेवलंय, पगारातले 4,500 दर महिन्याला परत द्यावे लागतात, कसं सुटू यातून?

खानापूरची_टीचर

नमस्कार. बरेच दिवस लिहू का नको करत होते, आज लिहितेच. मी बेळगावातल्या एका खासगी इंग्लिश मीडियम शाळेत सहावी ते आठवीला गणित आणि विज्ञान शिकवते. 2018 च्या जूनला लागले, सात वर्षं झाली. बी.एड. झालंय, टीईटी पास आहे. राहायला खानापूरला, सकाळी सातची बस धरते.

कागदावर माझा पगार 17,500 आहे. त्यातले पीएफचे 3,600 कापतात, म्हणजे माझाही हिस्सा आणि शाळेचाही हिस्सा माझ्याच पगारातून. बँकेत येतात 13,900. मग पाच तारखेच्या आत एटीएममधून 4,500 काढून ऑफिसात नेऊन द्यायचे. पाकिटावर नाव लिहायचं नाही, फक्त नंबर, माझा 11. क्लार्क मोजून घेतात, वहीत टिक करतात आणि पाकीट परत देतात पुढच्या महिन्याला. माझं पाकीट आता कडेला फाटलंय, सेलोटेप लावलाय. हातात राहतात 9,400. एप्रिल-मेचा पगार नाहीच, पण 15 मे पासून ॲडमिशनसाठी दारोदार फिरायचं असतं, हिंडलगा, कंग्राळी, गणेशपूर, उन्हात पत्रकं वाटत, प्रत्येकीला पाच ॲडमिशनचं टार्गेट.

वर्गात खुर्ची नाही. दिवसाला आठ तास, त्यातले सात माझे. मागच्या वर्षी आमच्यातली एक सातव्या महिन्यात होती, ती खिडकीच्या कट्ट्यावर दोन मिनिटं टेकली तर कॅमेऱ्यात बघून शिपायाला पाठवलं तिला उठवायला. पोरांसमोर. ती काही बोलली नाही, उठली आणि फळ्याकडे तोंड करून लिहायला लागली. ते माझ्या डोळ्यासमोरून जात नाही. आणि पगारवाढ मागितली तर म्हणाले 2023 पासून सरकारच्या शक्ती योजनेत बायकांना बस फुकट आहे, खर्च तर कमीच झाला की.

आता मला दुसऱ्या शाळेत 16,000 खरे मिळालेत, पण त्यांना एक तारखेच्या आत ओरिजिनल बघायचेत. माझी डिग्री आणि मार्क्स कार्ड जॉइन झाल्यापासून इथल्या कपाटात आहेत. मागितली तर म्हणतात वर्ष पूर्ण करा नाहीतर तीन महिन्यांचा पगार भरा, तो पण कागदावरचा, 52,500. अपॉइंटमेंट ऑर्डरची कॉपी मला कधी दिलीच नाही. कुणी यातून गेलंय का? सर्टिफिकेट कसं काढायचं, आणि सात वर्षांचं काही मिळतं का का असंच हात हलवत जायचं?

शहापूर_बेळगाव

ताई मी यातून गेलोय. सगळ्यात आधी सर्टिफिकेट हरवलं म्हणून ॲफिडेव्हिट करून डुप्लिकेट काढायच्या नादाला लागू नका, मला पण एकाने तेच सांगितलं होतं. हरवलेलं नाहीये, शाळेकडे आहे, खोटं ॲफिडेव्हिट उलटं तुमच्यावरच येणार. डिजिलॉकरवर बघा, बी.एड. जर राणी चन्नम्मा युनिव्हर्सिटीचं असेल आणि अलीकडच्या बॅचचं असेल तर तिथं असू शकतं, नवीन शाळेला तेवढ्यापुरतं दाखवता येतं. आणि बँकेचं सात वर्षांचं स्टेटमेंट काढून ठेवा, दर महिन्याला पाच तारखेच्या आत बरोबर 4,500 काढलेत हे त्यात दिसतंय, ते कुणाला पुसता येत नाही. आता इथून पुढं पाकिटाचा फोटो पण काढा नंबरसकट.

मोबाईलवर सरकारचं उमंग ॲप घालून पीएफचं पासबुक आजच बघा. आमच्याकडे कापत होते आणि भरतच नव्हते.

निवृत्त_हेडमास्तर_निपाणी

बाई, शांतपणे वाचा. मी 34 वर्षं नोकरी केली, त्यातली शेवटची नऊ हेडमास्तर म्हणून, त्यामुळे दोन्ही बाजूच्या फायली बघितल्यात.

पहिलं पीएफ. शाळेचा हिस्सा शिक्षकाच्या पगारातून कापता येतच नाही, कायद्याने मनाई आहे. 15,000 च्या मर्यादेवर 12 टक्के म्हणजे 1,800 तुमचे, आणि शाळेने आपल्या खिशातून आणखी 1,800 घालायचे. तुमच्याकडून कापून भरलेच नसतील तर तो फौजदारी गुन्हा होतो. तक्रार ईपीएफओच्या, म्हणजे पीएफ ऑफिसच्या, पोर्टलवर घरी बसून करता येते.

दुसरं ग्रॅच्युइटी, म्हणजे नोकरी सोडताना मालकाने सेवेबद्दल एकरकमी द्यायचे पैसे. हे बऱ्याच शिक्षकांना माहीतच नसतं आणि त्याला कारण आहे. 2004 ला सुप्रीम कोर्टाने सांगितलं होतं की शिक्षक ग्रॅच्युइटी कायद्यातल्या 'कर्मचारी' या व्याख्येत बसत नाहीत. मग 2009 मध्ये संसदेने कायदा दुरुस्त केला आणि तो मागे नेऊन 3 एप्रिल 1997 पासून लागू केला. खासगी शाळा त्याविरुद्ध कोर्टात गेल्या, आणि 29 ऑगस्ट 2022 ला सुप्रीम कोर्टाने शिक्षकांच्या बाजूने निकाल दिला. त्यामुळे पाच वर्षं झालेल्या कुणालाही राजीनामा दिला तरी ग्रॅच्युइटी आहे. एका वर्षाला 15 दिवसांचा पगार, म्हणजे महिन्याचा पगार भागिले 26, गुणिले 15. तुमचा सगळा 17,500 बेसिक-डीए मध्ये दाखवला असेल तर सात वर्षांचे 70,673 होतात. त्यांनीच कागदावर 17,500 लिहिलेत ना, मग द्यायचे पण त्यावरच. एप्रिल-मे चा ब्रेक दाखवतील, पण वर्षात 240 दिवस भरले की सेवा सलग धरतात.

तिसरं, काढून टाकू म्हणून धमकी देतील. तुमची शाळा स्टेट सिलॅबसची असेल तर कर्नाटक शिक्षण कायदा 1983, कलम 92 प्रमाणे चौकशीशिवाय काढता येत नाही, आणि काढलं तर कलम 94 खाली तीन महिन्यांच्या आत एज्युकेशनल अपिलेट ट्रिब्युनलकडे जाता येतं, ते काम जिल्हा न्यायाधीशच बघतात. लेबर कोर्टात जा म्हणून कुणी सांगितलं तर जाऊ नका, 1988 लाच गोव्यातल्या एका शिक्षिकेच्या केसमध्ये सुप्रीम कोर्टाने ठरवलंय की शिक्षक कामगार कायद्यातले 'वर्कमन' (कामगार) नाहीत. चुकीच्या दारात दोन वर्षं गेली अशी माणसं मी बघितलीत.

सर्टिफिकेटसाठी साधं पत्र लिहा. कुठली कागदपत्रं, कधी दिली, सात दिवसांत परत करा. स्पीड पोस्टाने पाठवा, पावती जपून ठेवा, एक प्रत बीईओ (तालुक्याचे शिक्षणाधिकारी) ऑफिसला. नव्वद टक्के वेळा तेवढ्यावर कपाट उघडतं.

मराठी_शाळा_चालवतो

मी खानापूर तालुक्यात एक छोटी विनाअनुदानित मराठी शाळा चालवतो म्हणून दुसरी बाजू पण सांगतो, रागावू नका. आमच्याकडे 140 पोरं, वर्षाची फी 6,000, ती पण सुगी झाल्यावर देतात, काही देतच नाहीत. 2019 नंतर जवळ सरकारी शाळा असली की खासगीत आरटीईची (गरीब मुलांसाठी राखीव, फी सरकार भरतं ती) सीट मिळत नाही, ते पैसे पण गेले. अनुदान म्हणाल तर दर अधिवेशनाला बेळगावच्या सुवर्णसौध विधानभवनासमोर आंदोलनाचे तंबू पडतात, 1995 नंतरच्या कन्नड शाळांना अनुदान द्या म्हणून, तेच अजून भांडूलेत तर आमच्या मराठीचा नंबर कधी लागायचा. आमचे शिक्षक 8,000 वर काम करूलेत आणि ते कमी आहेत हे मला माहीत आहे, मला रात्री झोप लागत नाही त्याने. पण मी 8,000 लिहितो आणि 8,000 च देतो. कुणाचं सर्टिफिकेट ठेवलेलं नाही. वर्गात खुर्ची आहे.

वडगावची_आई

सर तुमच्या शाळेचं समजू शकते, पण या ताईंची शाळा तसली नाही हो. माझी मुलगी बेळगावात अशाच शाळेत आहे, वर्षाला 48,000 भरतो आम्ही, पुस्तकं आणि व्हॅनचे वेगळे. माझा नवरा उद्यमबागला फौंड्रीत आहे, त्याच्याकडच्या नवीन हेल्परला पण या टीचरपेक्षा जास्त मिळतं. आम्ही पालक मीटिंगला जाऊन टीचरना विचारतो मार्क का कमी पडले, त्या दिवसभर उभ्या असतात हे आजपर्यंत डोक्यात आलं नव्हतं. आता पुढच्या मीटिंगला मी खुर्चीचं विचारणार आहे, माझ्या नावाने, कुठल्या टीचरचं नाव न घेता.

चंदगड_सर

2021 ला कोरोनात कर्नाटक सरकारने विनाअनुदानित शिक्षकांना एकदाच 5,000 दिले होते आठवतंय? मी तेव्हा बेळगावात होतो, सहा वर्षं शिकवून माझं नावच शाळेने पोर्टलवर घातलं नव्हतं, त्यामुळे मला मिळाले नाहीत. तेव्हा कळलं की सरकारच्या लेखी मी शिक्षकच नव्हतो. आता गावात शिकवण्या घेतो. ताई, तुमचं नाव शाळेच्या यादीत आहे का ते बीईओ ऑफिसात विचारून घ्या, पत्रात लिहायला लागेल.

खानापूरची_टीचर

सगळ्यांचे खूप आभार. काल रात्री पोरं झोपल्यावर उमंग उघडलं. तीन रकाने आहेत, माझे 1,800, शाळेचे 550 आणि शाळेच्याच हिश्श्यातले पेन्शनचे 1,250. दर वर्षी जून ते मार्च भरलेत, एप्रिल-मे रिकामे. आणि गेल्या वर्षीच्या ऑगस्टनंतर काहीच नाही. पूर्ण रिकामं. माझ्या पगारातून मात्र गेल्या महिन्यापर्यंत 3,600 कापलेत, स्लिप आहे. हात थरथरत होते माझे बघताना.

सकाळी बसमध्ये आमच्या दोघींना दाखवलं, त्यांनी पण आपापलं उघडून बघितलं, त्यांचं पण ऑगस्टनंतर रिकामं. एक पाकीट नंबर 7, दुसरी नंबर 14. नंबर 14 म्हणजे तीच, खिडकीतून उठवलेली. तिघींनी मिळून पत्र लिहिलंय, सर्टिफिकेटचं, पीएफचं आणि 4,500 चं पण. नाव यादीत आहे का ते विचारायला उद्या दुपारी बीईओ ऑफिसला जाणार आहे. हेडमास्तर सर, एकच पत्र तिघींच्या सह्यांनी पाठवू का वेगवेगळी?

निवृत्त_हेडमास्तर_निपाणी

वेगवेगळी पाठवा. तिघींच्या जॉइन झालेल्या तारखा वेगळ्या, रक्कम वेगळी. पण पोस्टात तिघी एकत्रच जा, आणि पावत्यांचे फोटो काढून एकमेकींना पाठवून ठेवा.