पोस्टफिक्स-डोव्हकॉट सर्व्हर सकाळी का मंदावतो?

प्रश्न: आमचा मेल सर्व्हर पोस्टफिक्स (पत्रांची ने-आण करणारा प्रोग्राम) आणि डोव्हकॉट २.३ (मेलपेट्या उघडून देणारा प्रोग्राम) यांवर चालतो. सकाळी सगळे एकदम लॉगिन करतात तेव्हा मेलपेटी उघडायला फार वेळ लागतो, मात्र प्रोसेसर जवळजवळ रिकामाच दिसतो. रॅम वाढवावी का?

पहिले उत्तर: प्रोसेसर रिकामा असेल तर अडचण बहुधा डिस्कची आहे, त्यामुळे खरेदीआधी आयओस्टॅट या डिस्कचा भार दाखवणाऱ्या साधनातील ‘अवेट’चा, म्हणजे डिस्कच्या उत्तराला लागणाऱ्या सरासरी वेळेचा, आकडा पाहावा. पत्रे साठवण्याच्या मेलडिर पद्धतीत प्रत्येक पत्राची स्वतंत्र फाइल असते, म्हणून मोठ्या पेटीत शोध घेताना, आणि त्याच वेळी बॅकअप चालू असेल तर अधिकच, डिस्कवर असंख्य छोट्या वाचनांचा भार पडतो. इंडेक्स फाइली (डोव्हकॉटने ठेवलेली पत्रांची सूची) वेगळ्या एसएसडीवर ठेवून पाहा. रॅम वाया जाणार नाही, लिनक्स ती कॅशसाठी, म्हणजे डिस्कवरून वाचलेला मजकूर हाताशी ठेवण्यासाठी, वापरतेच. पण माझ्या मते ती दुसरी पायरी.

दुसरे उत्तर: सहमत. शिवाय मूळ मांडणीत लॉगिनच्या प्रत्येक जोडणीसाठी नवी प्रक्रिया सुरू होते. आयमॅप-लॉगिन या लॉगिन हाताळणाऱ्या सेवेत ‘सर्व्हिस काउंट’ (एका प्रक्रियेने किती जोडण्या घ्याव्यात ते ठरवणारी मांडणी) ० केल्यास एकच प्रक्रिया अनेक जोडण्या सांभाळते. जोडण्यांमधील सुरक्षेचा पडदा मात्र पातळ होतो, हे व्यवस्थापनाला आधी सांगावे.

प्रश्नकर्ता: ‘अवेट’ खरोखरच चढलेला दिसतो. एमडीबॉक्सकडे (एका फाइलीत अनेक पत्रे साठवणाऱ्या डोव्हकॉटच्या पद्धतीकडे) वळावे का?

पहिले उत्तर: फाइलींची संख्या घटेल, पण ‘पर्ज’ हा साफसफाईचा आदेश नियमित चालवला नाही तर पुसलेल्या पत्रांची जागा मोकळी होत नाही.