इवामाला उचिदेशी म्हणून राहून ऐकिदो शिकायचंय, कुणी गेलंय का?

वेताळटेकडी:
नमस्कार मंडळी. पुण्यात पाच वर्षं ऐकिदो (जपानी मार्शल आर्ट) करतोय, गेल्या वर्षी शोदान, म्हणजे पहिल्या पायरीचा ब्लॅक बेल्ट झालं. आता ऑफिसातून दीड महिन्याची बिनपगारी रजा मिळायची शक्यता आहे आणि मनात एकच आहे, जपानच्या इबाराकी प्रांतातल्या इवामाला जाऊन उचिदेशी म्हणून राहायचं, म्हणजे डोजोतच (सरावाच्या जागेतच) झोपायचं, तिथलीच कामं करायची आणि शिकायचं. आमचे सर इवामात शिकवणाऱ्या मोरिहिरो साइतो सेन्सेईंच्या (सेन्सेई म्हणजे गुरू) परंपरेतले, त्यामुळे इवामा हे नाव पहिल्या दिवसापासून कानावर आहे.

पण प्रश्न बरेच आहेत. साइतो सेन्सेई २००२ मध्ये गेले, मग आता तिथे जाण्यात तेवढा अर्थ आहे का? मला जपानी येत नाही, चार वाक्यं सोडून. मी शाकाहारी आहे, अंडं चालतं. आणि आई म्हणते की एवढे पैसे खर्च करून परक्या देशात अंगण झाडायला कशाला जायचं, याला मला नीट उत्तर देता आलं नाही. कुणी राहून आलं असेल तर प्लीज खरं खरं सांगा.

पारिजात_७८:
मी राहून आलोय, पाच आठवडे, ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये. आईच्या प्रश्नापासूनच सुरू करतो कारण माझ्या मते तोच मुख्य प्रश्न आहे.

आधी तिथे काय घडलं ते लक्षात घे. ऐकिदोचे संस्थापक उएशिबा मोरिहेइ, म्हणजे ओ-सेन्सेई, १९४२ साली टोकियो सोडून इवामाला आले, शेती करायची आणि साधना करायची म्हणून, तिथेच त्यांनी ऐकी देऊळ बांधलं. युद्धानंतर १९४६ मध्ये साइतो त्यांच्याकडे आले तेव्हा अठरा वर्षांचे होते. नोकरी रेल्वेत, चोवीस तास ड्युटी आणि मग चोवीस तास सुट्टी अशी. बाकीचे शिष्य दिवसा पोटापाण्याच्या मागे असायचे, साइतोंना मात्र एक दिवसाआड सगळा दिवस मोकळा, त्यामुळे ते ओ-सेन्सेईंबरोबर शेतात राबायचे आणि सकाळी तलवार नि काठी त्यांच्याकडूनच शिकायचे, बऱ्याचदा समोर दुसरा शिष्यच नसायचा. १९६९ मध्ये ओ-सेन्सेई गेले तोपर्यंत, तेवीस वर्षं. आज आपण जे सात केन सुबुरी, वीस जो सुबुरी, ३१ हालचालींचा जो काता करतो (केन म्हणजे तलवार, जो म्हणजे चार फुटी काठी, सुबुरी म्हणजे एकट्याने घोटायचे वार, काता म्हणजे ठरलेल्या हालचालींची साखळी, नवीन वाचणाऱ्यांसाठी सांगतोय) त्याची घडी साइतोंनी बसवली ती त्या सकाळच्या शिक्षणातून. म्हणजे शेत, देऊळ, झाडलोट आणि ऐकिदो हे तिथे कधी वेगळं नव्हतंच. पुढे १९७० नंतर परदेशी पोरं येऊन राहायला लागली तीही याच रीतीत बसली.

आता झाडण्याचं. देवळाच्या आवारात उंच झाडं आहेत, ऑक्टोबरात पानगळ एवढी की झाडून मागे वळलो तर पुन्हा तेवढीच. बांबूच्या काड्यांचा झाडू असतो, अगदी आपला खराटा. पहिल्या दिवशी मी भराभर झाडून मोकळा झालो तर एका सीनियरने काही न बोलता झाडू हातातून घेतला आणि दाखवलं, हात नाही हलवायचे, कंबर वळवायची, पाय बदलायचा, मग झाडू आपोआप फिरतो. मी बघतच राहिलो कारण ते हुबेहूब जो धरून करतो तसंच होतं. तिसऱ्या आठवड्यात पाठ दुखायची थांबली तेव्हा कळलं की काहीतरी बदललंय. आईला हे सांग.

ट्रेनिंगचं म्हणशील तर आम्ही होतो तेव्हा सकाळी बाहेर शस्त्रं आणि संध्याकाळी आत ताइजुत्सु, म्हणजे बिनशस्त्र तंत्र. प्रत्येक संध्याकाळची सुरुवात ताइ नो हेंको (मनगट धरलेलं असताना अंग वळवणं) आणि मोरोतेदोरी कोक्यूहो (दोन्ही हातांनी मनगट धरणाऱ्याला हलवणं) यांनीच, रोज, एक दिवस चुकत नाही. माझ्यासमोर एक स्वीडिश गडी होता, माझ्या दीडपट, त्याने दोन्ही हातांनी माझं मनगट धरलं आणि मी जे पुण्यात गोल गोल सुंदर करायचो ते जागचं हललंच नाही. खांदा वर चढला, दम लागला. सेन्सेई आले, माझं कोपर दोन बोटांनी खाली दाबलं, बोटं उघडायला लावली, कंबर फिरवायची खूण केली आणि तो गडी सरळ मागे गेला, माझी ताकद तेवढीच होती. मग पुढचे दहा दिवस मी तेवढंच केलं असं म्हटलं तरी चालेल. घट्ट धरल्यावर जमलं पाहिजे, वाहतं ऐकिदो नंतर, ही साइतोंची शिस्त तिथे अजून जिवंत आहे, त्यामुळे अर्थ आहे का या प्रश्नाला माझं उत्तर शंभर टक्के हो.

एक गोष्ट मात्र नीट समजून घे. २००२ नंतर इवामात दोन वाटा झाल्या. ओ-सेन्सेईंचा जुना डोजो आणि देऊळ ऐकिकाईकडे (टोकियोतली ऐकिदोची मुख्य संस्था), आणि साइतोंच्या मुलाने २००४ मध्ये स्वतंत्र संघटना काढली. तुझ्या सरांचं नातं कुणाशी आहे ते विचार आणि त्यांच्याकडून ओळखीचं पत्र घेऊनच जा. स्वतःच मेल टाकून मोकळा होऊ नकोस, तिथे ओळखीला फार मान आहे.

सुकुबाकर:
मी ऐकिदो करत नाही पण त्सुकुबाला आठ वर्षं आहे, इबाराकीतच, म्हणून व्यवहाराचं सांगतो.

उएनोहून जोबान लाइन धरायची, इशिओका, हातोरी, मग इवामा. साधारण शंभर किलोमीटर. इवामा हे आता स्वतंत्र गाव नाही, २००६ पासून कासामा शहरात मोडतं, पत्ता शोधताना गोंधळ होतो. स्टेशन छोटं आहे, मागे आतागो डोंगर, आजूबाजूला भातशेती आणि चेस्टनटच्या बागा, संध्याकाळनंतर सामसूम.

भारतीय पासपोर्टला व्हिसा लागतोच. लांब मुक्कामाला सांस्कृतिक कामासाठीचा वेगळा व्हिसा असतो, त्यावर पगारी काम करता येत नाही. दीड महिन्याला कुठला लागेल ते डोजोला आणि कॉन्सुलेटला आधी स्पष्ट विचार, प्रवासाचा उद्देश लपवायचा नाही.

शाकाहाराचं सगळ्यात अवघड, खोटं सांगत नाही. मिसो सूपमध्येसुद्धा सुकवलेल्या माशाचा अर्क असतो, दाशी म्हणतात त्याला. पण उचिदेशींना बहुतेक स्वतःच शिजवावं लागतं, तिथे तुझा फायदा आहे. तांदूळ उत्तम, तोफू स्वस्त, अंडी आहेत, आणि शेजारचं मितो म्हणजे नात्तोचं गाव, आंबवलेलं सोयाबीन, वास सहन झाला तर प्रोटीनची चिंता मिटली. तिखट मीठ मसाला मात्र घरून आण. जानेवारी-फेब्रुवारीत पहाटे शून्याच्या खाली जातं, आणि जून-जुलैमध्ये पावसाळा, गी (सरावाचे कपडे) वाळत नाही. ऑक्टोबर बेस्ट.

लालमाती:
कोल्हापूरचा आहे, पोरवयात चार वर्षं तालमीत राहून काढली. ऐकिदोतलं कळत नाही पण वाचताना सारखं वाटत होतं की अरे हे तर आपलंच. पहाटे उठून हौद उकरायचा, माती भुसभुशीत करायची, थोरल्या पैलवानाच्या अंगाला तेल लावून रगडायचं, वस्ताद काही समजावून सांगत बसत नाहीत, एक डाव महिनाभर घोटून घेतात. पहिल्या वर्षी मला वाटायचं मला नोकर ठेवलंय. पण माती उकरूनच खांदे झाले, आणि थोरल्याचं अंग रगडताना कुठला स्नायू कुठून निघतो ते हाताला कळलं, ते कुणी शिकवलं नव्हतं. भाऊ, तुमच्या आईंना सांगा, घरातली कामं करूनच विद्या घरची होते. जावा बिनधास्त.

मीनल_ठाणे:
मी सेइझा आणि शिक्कोबद्दल सांगते कारण वर कुणी लिहिलं नाहीये. गुडघ्यांवर बसून आणि चालून रोज खूप होतं. माझा उजवा गुडघा एका परदेशी शिबिरात गेला (इवामात नाही), तीन दिवस सुजलेला असताना मी बोलले नाही, वाटलं हे सहन करणं म्हणजेच बुदो (युद्धकलेची साधना), आणि पुढे आठ महिने मॅटवर जाता आलं नाही. तेव्हा प्लीज, दुखलं तर पहिल्याच दिवशी सांग. कडेला बसून बघणं हेही शिकणंच धरतात, कुणी कमी लेखत नाही. आणि आत्तापासून रोज वीस मिनिटं सेइझात बसायची सवय कर, हळूहळू वाढवत.

वेताळटेकडी:
सगळ्यांचे मनापासून आभार, एवढं कुणी लिहील असं वाटलं नव्हतं. सरांशी काल बोललो, ते पत्र देणार आहेत, पण म्हणाले आधी सहा महिने क्लासला अर्धा तास लवकर येऊन हॉल झाडायचा. आजपासून सुरू केलं. पारिजात, कंबरेतून झाडायचा प्रयत्न केला, पाचव्या मिनिटाला पुन्हा हातच चालायला लागले.

आईला लालमाती यांची पोस्ट वाचून दाखवली. माझे आजोबा सांगलीला तालमीत जायचे हे मला आज पहिल्यांदा कळलं, ती बराच वेळ त्यांच्याबद्दलच बोलत होती. मग स्वयंपाकघरात जाता जाता म्हणाली, मेतकूट करून देते, भातावर घालून खा. सुकुबाकर, मेतकूट आणता येतं ना?

सुकुबाकर:
माझी आई दर वेळी पाठवते. हवाबंद डब्यात घाल, लेबल लाव. आणि इवामाला जाताना वाटेत एक दिवस माझ्याकडे उतर.