खुरात पू झालाय का? घोडी पाय टेकत नाही, डॉक्टर उद्या येणार

खोगीर
माथेरानची घोडी, वय ९, वजन साधारण ३०० किलो. काल संध्याकाळपर्यंत ठीक होती. आज सकाळपासून पुढच्या उजव्या पायाचं नुसतं टोक टेकवते, ठाणावरून हलायला तयार नाही. वर कुठे जखम नाही, सूज नाही. खूर मात्र डाव्यापेक्षा गरम लागतो. ताप १००.८ फॅरनहाइट, चंदी (दाणा) खाते आहे. नाल नऊ दिवसांपूर्वी ठोकलाय. इथे चार दिवसांपासून संततधार आहे. शेजारचे म्हणतात खांदा भरलाय, तेल लावून चोळा. गाईसाठी आणलेलं डायक्लोफेनॅक घरात आहे, ते टोचू का? डॉक्टर उद्या दुपारी चढून येतील.

पशुवैद्य_सातारा
डायक्लोफेनॅक नको. जनावरांसाठी त्यावर २००६ पासून बंदी आहे (गिधाडं त्यानेच संपत आली), आणि आज वेदना दाबलीत तर उद्या डॉक्टरांना दुखरी जागा सापडायला त्रास होईल. खांदाही सोडा. रात्रीतून तीन पायांवर आलेल्या घोड्याचा दोष बहुतेक वेळा खुरातच निघतो.

आता नाडी बघा. गुडघ्याखाली उतरत या, खुराच्या थोडं वर मुठ्याचा सांधा लागेल. त्याच्या मागच्या बाजूला, आत आणि बाहेर, दोन्ही कडांवर बोटं हलकी ठेवा. निरोगी पायात तिथे ठोका जेमतेम लागतो. खुरात पू असेल तर बोट उडवल्यासारखा लागतो, आणि एका बाजूला जास्त असेल तर पू बहुधा त्याच बाजूला असतो. दोन्ही पुढचे पाय गरम, दोन्हीकडे नाडी जोरात आणि घोडी मागे रेलून उभी, असं असेल तर मात्र हे वेगळं दुखणं आहे, बहुधा लॅमिनायटिस, म्हणजे खुराच्या आतल्या थरांची सूज. तेव्हा चंदी लगेच बंद करा, तिला चालवू नका आणि डॉक्टरांना आजच फोनवर सांगा.

पाय उचलून तळवा धुऊन बघा. नालाचा नसलेला, बाहेरून रुतलेला खिळा किंवा तार दिसली, विशेषतः मधल्या त्रिकोणी मऊ गादीत, तर ती उपटू नका. ती किती खोल आणि कुठल्या दिशेने गेली आहे हे एक्स-रेत दिसावं लागतं. आतल्या सांध्यापर्यंत गेली असेल तर हे साधं गळू राहत नाही. तोवर पायाखाली दोन्ही बाजूंना लाकडाचे तुकडे बांधा, म्हणजे खिळा आणखी आत ढकलला जाणार नाही.

धनुर्वाताची लस वर्षभरात झाली आहे का? घोड्याला धनुर्वात फार लवकर होतो आणि त्याचे जंतू तबेल्याच्या मातीत, लिदीत असतातच. लस आठवत नसेल तर डॉक्टरांना तसं सांगा.

नालबंद_नंदुरबार
नऊ दिवस म्हणजे खिळ्यावर संशय घ्यायलाच हवा. खिळा जिवंत भागात थेट टोचला तर घोडा तिथल्या तिथे पाय ओढतो. पण नुसता जवळून गेला, आतून दाबत राहिला, तर चार-आठ दिवसांनी दुखणं वर येतं.

नाल काढा, पण पकडीने एका फटक्यात उचकटू नका. तळवा आधीच ठणकत असतो. खुराच्या भिंतीवर वळवलेली खिळ्यांची टोकं कानशीने घासून मोकळी करा आणि एकेक खिळा वेगळा ओढा. प्रत्येक खिळा बघा. ओला, काळपट, घाण वासाचा निघाला किंवा तो ओढताना घोडीने पाय हिसकला, तर त्या भोकावर खडूने खूण करा. कधी कधी त्याच भोकातून राखाडी-काळं पाणी गळतं आणि अर्धं काम तिथेच होतं.

भोक मोठं करायला सुरी मात्र हातात घेऊ नका. अतिउत्साहाने खोदलेला तळवा हा मूळ पुवापेक्षा जास्त दिवस खातो. बोटभर रुंद खड्डा केला की आतलं लाल मांस त्यातून बाहेर फुगतं. निचऱ्याला पेन्सिलीच्या टोकाएवढं भोक पुरतं. ते पांढऱ्या रेषेवर, म्हणजे भिंत आणि तळवा जिथे जुळतात तिथे, काळ्या रेघेचा माग काढत करतात. तळव्याच्या मधोमध नाही.

लगाम
आमच्याकडे मोरचूद आणि गरम तेल भरतात, दोन दिवसांत सुकतं.

पशुवैद्य_सातारा
@लगाम वरून सुकतं, तोच तर घोटाळा आहे. तोंड बंद झालं की आतला पू मऊ वाटेने वर चढतो आणि आठ-दहा दिवसांनी खुराच्या वरच्या केसाळ कडेला फुटतो. मोरचूद जिवंत मांस जाळतं, आणि गरम तेलाने भाजलेलं वेगळंच.

पोटीस करा. गव्हाचा कोंडा दोन ओंजळी, एप्सम सॉल्ट एक ओंजळ, गरम पाणी घालून घट्ट लगदा. हाताला सोसेल इतकाच गरम ठेवा. खूर धुऊन पुसून तळव्यावर दोन बोटं जाड थापा, वर कापूस, त्यावर लहान मुलाचा डायपर, मग रुंद चिकटपट्टीचे आडवे-उभे थर. खाली ट्रकच्या जुन्या ट्यूबचा तुकडा बांधला तर पावसातही टिकतं. पट्टी केसाळ कडेच्या वर आवळू नका, तिथला रक्तपुरवठा अडतो. दर १२ ते २४ तासांनी बदला.

बादलीत शेकायचं असेल तर ४-५ लिटर कोमट पाण्यात दोन मुठी एप्सम सॉल्ट, १५-२० मिनिटं, दिवसातून दोनदा. दोन-तीन दिवसांपलीकडे नको. खूर भिजून मेणासारखा मऊ होतो, आणि पावसाळ्यात त्याला आधीच पाणी पुरेसं असतं.

खोगीर
दादा, डॉक्टर आले. बाहेरच्या बाजूचा तिसरा खिळा काळा निघाला होता, तिथेच कोरल्यावर घाण वासाचं काळं पाणी आलं. तासाभरात घोडी पाय टेकायला लागली. धनुर्वाताचं इंजेक्शन झालं. अँटिबायोटिक दिलं नाही, म्हणाले गरज नाही. हे बरोबर आहे ना? नाल कधी ठोकू?

पशुवैद्य_सातारा
बरोबर आहे. पुवाच्या पोकळीत रक्त पोचत नाही, त्यामुळे रक्तातलं औषधही तिथे नीट पोचत नाही. निचरा हाच उपचार. ताप चढला, सूज पायावर वर सरकली किंवा निचऱ्यानंतर ४८ तासांतही फरक पडला नाही, तर पुन्हा बोलवा. तेव्हा दुसरी पोकळी किंवा हाडापर्यंत गेलेला संसर्ग तपासावा लागतो. तोवर दुसऱ्या पुढच्या पायाच्या नाडीवरही लक्ष ठेवा, सगळा भार त्याच्यावर आला होता.

नालबंद_नंदुरबार
पाणी यायचं थांबल्यावर पोटीस बंद. पुढे भोकात पोव्हिडोन आयोडीनमध्ये बुडवलेला कापसाचा बोळा, वर कोरडी पट्टी, रोज बदलायची. भोकाचा तळ कोरडा आणि टणक झाला, घोडी कडक जमिनीवरही सरळ चालली, की मगच नाल. बहुधा आठ-दहा दिवस जातात. त्या तिसऱ्या भोकात खिळा घालू नका, नालाचं ते भोक रिकामंच सोडा. आणि ठाणावर जांभ्याची ओली माती असेल तर ती उकरून खाली कोरडा भुसा टाका, नाहीतर पट्टी दोन तासांत चिखल पिऊन बसेल.