पुन्हा: डिसेंबरची रावेर–चोपडा सायकल : ट्यूबचं काय ते आज ठरवा

भाऊ (क्रीडा समिती)

राम राम मंडळी,

विमानाने न्यायच्या सायकली खोक्यात भरायची वेळ आली तरी जळगाव जिल्ह्यातल्या या फेरीसाठी ट्यूबचं ठरत नाही. मार्ग ठरलेला आहे, तो कृपया पुन्हा उकरू नये: रावेर, विवरे, सावदा, फैजपूर, हिंगोणा, यावल, साकळी, किनगाव, धानोरा, अडावद, चोपडा. साधारण ८० किलोमीटर. एकच प्रश्न उरलाय. बहुतेकांच्या चाकांना प्रेस्टा, म्हणजे बारीक काडीचा व्हॉल्व्ह आहे, त्याला नेहमीचा पंप बसत नाही. वाटेत हवा भरायची कशी आणि ट्यूब संपल्या तर काय?

नाना

भाऊ, नेहमीचा पंप प्रेस्टाला जोडणारा अडॅप्टर प्रत्येकाच्या खिशात हवा. दोघांत एक चालणार नाही, कारण ज्याच्याकडे तो असतो तो नेमका पुढे गेलेला असतो. पितळी, बोटाच्या पेरापेक्षा लहान वस्तू आहे. आधी प्रेस्टाच्या टोकाचा बारीक नट सैल करायचा, टोक एकदा दाबून फुस्स आवाज येतो का बघायचं, मग अडॅप्टर फिरवायचा. नट बंद राहिला तर हवा आत जात नाही, पंक्चरवाला जोर लावतो आणि व्हॉल्व्हची काडी वाकते.

गावातल्या सायकल दुकानात ट्यूब मिळेल या भरवशावर कोणी राहू नका. तिथली २८ इंची म्हणजे २८ बाय दीड, ६३५ मिलिमीटरच्या रिमची. आपली ७००ची रिम ६२२ची. ती ट्यूब रुंदही जास्त, आपल्या अरुंद टायरमध्ये तिला घड्या पडतात. आणि तिचा व्हॉल्व्ह जाड, आपल्या रिमचं भोक साडेसहा मिलिमीटरचं. तो आत जाणारच नाही. भोक मोठं करून घ्यायचा विचार करू नका, कार्बन रिमला तर ड्रिल लावायचंच नाही. माणशी दोन ट्यूब, सहा ठिगळं, सोल्युशनची न फोडलेली नळी. फोडलेली नळी महिनाभरात आतून सुकते. पंक्चरवाल्याच्या हॉट पॅचला (गरम करून चिकटवायच्या ठिगळाला) आपली पातळ ट्यूब देऊ नका, ती तिथेच आक्रसते.

आता काटे. हरभऱ्याच्या नाहीतर गव्हाच्या शेताला कुंपण करायला बाभळीच्या काट्या ट्रॉलीतून नेतात आणि डिसेंबरात ते काम जोरात असतं. वळणावर आणि शिवरस्ता डांबरीला मिळतो तिथे काटे सांडतात, मग गाड्यांच्या चाकांनी कडेला ढकलले जातात. म्हणून डांबराच्या कडेपासून हातभर आतून चालवायचं. चहाला थांबताना सायकल गवतातून ढकलत नेऊ नका, उचलून न्या. गवतात सराटे असतात.

बाभळीचा काटा टायरच्या आत मोडतो, बाहेरून काही दिसत नाही. टायर बसवताना त्यावरचं नाव व्हॉल्व्हच्या समोर ठेवा. ट्यूबचं भोक व्हॉल्व्हपासून किती अंतरावर आहे ते मोजलं की टायरमध्ये काटा कुठे आहे ते लगेच कळतं. आतून उघडं बोट फिरवू नका, जुन्या बनियनचा तुकडा फिरवा. कापड जिथे अडकेल तिथे काट्याचं टोक. चिमट्याने काढायचं, आणि तरीही टायर पूर्ण फिरवून बघायचा, कारण एक काटा सापडला की दुसरा शोधायचं राहून जातं. तोच दुसरा काटा नवी ट्यूब खातो.

आक्का

नाना, एवढं सगळं करण्यापेक्षा ट्यूबलेस, म्हणजे बिनट्यूबचे टायर लावा ना. ३२ मिलिमीटर रुंदीचा टायर, प्रत्येकात ५० ते ६० मिली सीलंट, म्हणजे भोक बुजवणारा द्रव. बाभळीचं भोक एक-दोन मिलिमीटरचं असतं. काटा उपसायचा, भोक खाली येईल असं चाक धरायचं, दोन मिनिटांत बुजतं. सीलंट मात्र निघायच्या आठवड्यात नवीन भरा. उन्हाळ्यात भरलेलं आतापर्यंत सुकून त्याची साल झालेली असेल. बाटली चेक-इन सामानात टाका. हवा भरायच्या गॅसच्या नळकांड्या आणू नका, त्यांना विमान कंपनीची परवानगी लागते आणि विमानतळावर वाद होतो.

शिवाय २८ मिलिमीटरच्या टायरला ८० पीएसआय दाबाची हवा भराल तर हात बधिर होतील. खाली काळी माती आहे. पावसात फुगते, उन्हात आकसते, वरचं डांबर उभं चिरतं. ही भेग रस्त्याच्याच दिशेने जाते, त्यामुळे बारीक चाक तिच्यात अडकतं. ७० किलोच्या माणसाला ३२ला पंचावन्न-साठ पुरे.

अप्पा

हवेचा विषय चालू द्या. दिशेबद्दल कोणी बोललेलं नाही म्हणून लिहितो. पूर्वेकडून पश्चिमेकडे हेच बरोबर आहे. उजाडतं सातच्या सुमारास. चोपड्याहून निघालात तर ऊन तोंडावर, आणि मागून येणाऱ्या केळीच्या ट्रकवाल्याच्या डोळ्यांवरही. त्याला तुम्ही दिसतच नाही. रावेरहून निघालं की ऊन पाठीवर.

हा रस्ता सपाट समजू नका. सातपुड्यातून उतरणाऱ्या नद्या-नाले दक्षिणेला तापीकडे जातात आणि आपण ते सगळे आडवे ओलांडतो. सुकी, मोर, मध्ये कितीतरी नाले. प्रत्येक ठिकाणी उतार, तळाला पूल, लगेच चढ. उताराचा वेग चढाला वापरायचा मोह होतो, पण पुलाच्या सांध्यावरच टायर रिमवर आपटतो आणि ट्यूबला सापाच्या दातांसारखी दोन भोकं पडतात. पुलाच्या आधी वेग कमी, सांध्यावर बूड उचललेलं, चढाला हलका गिअर आधीच टाकलेला. गावाच्या तोंडाशी गतिरोधक असतात, पांढरे पट्टे असतीलच असं नाही.

फैजपूरला वेळापत्रकात दहा मिनिटं दिसतात. हे योग्य नाही. काँग्रेसचं खेड्यात भरलेलं पहिलं अधिवेशन इथलं, डिसेंबर १९३६, अध्यक्ष नेहरू. चित्रकार नंदलाल बोस यांनी बांबूसारख्या साध्या साहित्यातून अधिवेशनाचं नगर सजवलं, धनाजी नाना चौधरींनी गावोगावची माणसं उभी केली. आपण डिसेंबरातच तिथून जातो आहोत. अर्धा तास तरी हवा. यावलला निंबाळकरांचा भुईकोट आहे, तिथे क्लीट (पेडलला अडकणारी तळाची पट्टी) लावलेल्या बुटांनी चढू नका, माती आणि विटा दोन्ही सुटतात. स्थळांची टिपणं दरवर्षीप्रमाणे मी पाठवतो, दुसऱ्या कोणी वेगळी फिरवू नयेत.

भाऊ (क्रीडा समिती)

अप्पा, टिपणं तुमचीच. वेळा मात्र समिती ठरवते. ताशी २० धरले तर पेडलिंगचे चार तास. सातला निघून फैजपूरला २५ मिनिटं, यावलला ४०, धानोऱ्याला चहा, पंक्चरला अर्धा तास राखीव. एकच्या आत चोपडा. अर्धा तास दिला तर उनपदेव सुटतं. अडावदहून उत्तरेला वळून गरम झऱ्यापर्यंत जाऊन यायचंय असं चौघांनी आधीच कळवलंय.

आक्का

उनपदेव सुटलं तर सुटलं, फैजपूरला अर्धा तास द्या. अप्पांचं बरोबर आहे.

खाण्याचं कोणी लिहिलं नाही. केळीच्या बागांतून चाललोय म्हणून केळी कुठेही मिळतील असं समजू नका. शेतात कापलेला घड हिरवा असतो, तो पिकवणगृहात जातो. पिकलेली केळी सावद्याला किंवा फैजपूरला गाडीवरून घ्या, माणशी चार. मध्यम केळ्यात २५ ग्रॅमच्या आसपास कर्बोदकं, म्हणजे तासाला दोन पुरतात. भरीत, शेवभाजी चोपड्याला पोचल्यावर. तेलाचं मध्ये खाल्लं तर पुढच्या चढाला वर येतं.

नाना

आक्का, ट्यूबलेस लावा, पण एक पक्कं लक्षात ठेवा. ज्यांची रिम हुकलेस आहे, म्हणजे टायरची कड धरणारी आतली वळलेली कड जिला नाही, त्यांना ७२.५ पीएसआयच्या वर भरता येत नाही. दुकानाचा काँप्रेसर मोटारसायकलच्या आणि ट्रॅक्टरच्या चाकांसाठी असतो, आपल्या टायरमध्ये हवा एवढीशी मावते, दोन सेकंद जास्त झाले की टायर रिमवरून उडतो. काँप्रेसरने फक्त टायर बसवून घ्या, बाकी हातपंपाने. आणि ट्यूबलेसवाल्यांनीही एक ट्यूब बाळगा. काचेने बाजू फाटली तर सीलंट काही करत नाही. तेव्हा ट्यूब घालण्याआधी रिममधली ट्यूबलेसच्या व्हॉल्व्हची काडी काढावी लागते, तिचा नट घरीच हाताने सैल होईल एवढाच आवळा.

भाऊ (क्रीडा समिती)

ठरलं. अडॅप्टर माणशी एक, ट्यूब माणशी दोन, ट्यूबलेसवाल्यांना एक. मोठा पंप आणि प्रेशर गेज मागच्या गाडीत. फैजपूरला अर्धा तास, उनपदेव ज्यांना हवं त्यांनी मागची गाडी घेऊन जावं. कोणाची रिम हुकलेस आहे ते रिमवर वाचून आज कळवा.