घडी उलगडणं हक्काचं, पण चळत ओढणं?

टोकदार
कपड्यांच्या दुकानातल्या मांडणीबद्दल वाटाड्या यांनी लिहिलंय, "घडी उलगडून पाहणं हा गिऱ्हाइकाचा हक्क आहे, आवरायला माणसं पगारावर असतात." त्यावर बऱ्याच जणांनी माना डोलावल्या, म्हणून सविस्तर उत्तर देतो. उलगडून जरूर पाहा. कापड हाताळल्याशिवाय कोणी घेऊच नये. माझा आक्षेप ओढण्याला आहे.

टी-शर्टची चळत बहुधा मापाने लावलेली असते, लहान वर आणि मोठं खाली. मोठं माप हवं असलेला माणूस खालची घडी एका हाताने खेचतो. वरच्या घड्या तिच्याबरोबर पुढे सरकतात, कॉलर वाकड्या होतात, दोन घड्या जमिनीवर पडतात. त्या उचलून सगळ्यात वर ठेवल्या जातात. इथे क्रम गेला! पुढचा माणूस वरची घडी लहान समजून ट्रायल रूममध्ये नेतो, ती निघते मोठी. त्याच्यानंतरचा अख्खी चळत उपसतो. एक घडी मोडली तर बाह्या मागे घेऊन, खालची कड वर आणून ती लगेच नीट होते. चळत मोडली की प्रत्येक घडीचं लेबल बघत बसावं लागतं.

सोपी पद्धत आहे: डावा तळवा हव्या त्या घडीच्या वर सरकवा, वरचा गठ्ठा उचलून धरा, उजव्या हाताने घडी काढा, गठ्ठा खाली ठेवा. पाच-सहा सेकंदांचं काम.

वाटाड्या
पद्धत छान, पण ती शिकायची जबाबदारी गिऱ्हाइकावर कधीपासून आली? 1916 साली मेम्फिसमध्ये क्लॅरेन्स सॉन्डर्सने गिऱ्हाइकाला स्वतः माल उचलायला लावणारं दुकान काढलं. तोवर गल्ल्यापलीकडचा माणूस माल काढून देत असे. त्याचं काम आपल्या अंगावर आलं, त्याचा फायदा दुकानाला झाला. आता परत मांडायचं कामही आपणच करायचं?

आणि चळत पडते ती उंचीमुळे. पंधरा घड्या एकावर एक रचल्या तर कोणाच्याही हातून कोसळतील. हँगरचंही तेच. दोन हँगरमध्ये दोन बोटं जाण्याइतकी जागा हवी. रॅक ठासून भरला की एक कपडा काढताना शेजारच्याचा खांदा अडकून तो घसरतो. जमिनीवर पडलेल्या निम्म्या कपड्यांचं पाप मांडणी करणाऱ्याचं आहे.

निळाई
तुम्ही दोघं कपड्यांतच अडकलात. कपडा पडला तर झटकून परत लागतो. गोठवलेल्या खाण्याचं पाकीट नको वाटलं म्हणून टॉवेलच्या कप्प्यात ठेवून जाणाऱ्यांचं काय? ते पाकीट उणे 18 अंशांवर राहायला हवं. ते किती वेळ बाहेर होतं हे कोणालाच कळत नाही, आणि वितळताना वाढलेले जंतू पुन्हा गोठवल्याने मरत नाहीत. म्हणून ते सरळ फेकावं लागतं. नको असेल तर बिलिंग काउंटरवर देऊन टाका, एवढंच.

दुसरं, दुधाच्या बाटल्या मागून उपसणारे. जुनी तारीख पुढे, नवी मागे, असं लावलेलं असतं. हे लोक कोपरापर्यंत हात घालून शेवटची बाटली ओढतात. पुढच्या आडव्या होतात, आणि तोवर शीतकपाटाचं दार उघडंच.

खिळा
याला बेपर्वाई म्हणू नका, राग येतो. जी बाटली चार दिवस पुरवायची, तिची तारीख चार दिवस पुढचीच हवी. पैसे मोजणाऱ्याने तारीख बघायची नाही का? जुना माल उरला, तर मागणी नोंदवणाऱ्याचा अंदाज चुकला.

निळाई
तारीख बघा, कोण अडवतंय! पण काढलेल्या पाच बाटल्या परत कशा ठेवता? जुनी मागे गेली की ती तिथेच मुदत संपेपर्यंत पडून राहते, आणि न बघता घेणाऱ्याच्या पिशवीत जाते. आजच संपवायची बाटलीही मागूनच ओढतात, त्याचं उत्तर द्या.

खिळा
आज संपवायची असेल तर पुढची घ्यावी, ठीक. बिस्किटांच्या पुड्यासाठी मागे हात घालण्यातही अर्थ नाही, ती 'बेस्ट बिफोर' तारीख दर्जाची असते. पण 'यूज बाय' असेल तिथे मी ऐकणार नाही. ती तारीख सुरक्षिततेची आहे. मुदत जवळ आलेल्या बाटल्या वेगळ्या काढून किंमत कमी करा, कोणी मागे हात घालणार नाही.

टोकदार
दुधाचा वाद दुधाकडे राहू द्या. चुकीच्या जागी ठेवण्याचा एक परिणाम कोणीच सांगितला नाही. बुटाचा एक जोड दुसऱ्याच खोक्यात गेला की संगणकात तो 'शिल्लक 1' दिसतो आणि कप्पा रिकामा. शिल्लक दिसते म्हणून नवी मागणी जात नाही. "माझं माप कधीच नसतं" ही तक्रार पुष्कळदा इथून सुरू होते. वाटाड्या, यात मांडणी करणाऱ्याचा काय दोष?

वाटाड्या
यात नाही. तेवढं मान्य.

खिळा
फळीला लोंबकळणाऱ्या मुलांबद्दल मात्र दोन्ही बाजूंनी ऐका. फळीचे ब्रॅकेट खांबाच्या खाचांत आकड्यांनी नुसते अडकवलेले असतात, वजन खाली दाबतं म्हणून टिकतात. खालून डोक्याचा किंवा ट्रॉलीच्या दांड्याचा धक्का वर बसला की आकडा खाचेतून सुटू शकतो. वर काचसामानाची उतरंड असेल तर ती सगळी खाली येते. मुलाला खालच्या फळीवर चढू देऊ नका. दुकानांनीही आकडा खाचेतून सुटू नये म्हणून ब्रॅकेटला अडकवण खिळी लावावी आणि जड माल खालीच ठेवावा.

वाटाड्या
यावर वाद नाही. तळवा घालून गठ्ठा उचलायची पद्धतही बरोबर आहे, लोकांनी ती वापरावी. पण मग तुम्हीही कबूल करा, चळत सहा घड्यांच्या वर नको.

टोकदार
टी-शर्टला आठ. जीन्स जाड असते, तिला सहा.