मदत हवी आहे: डेलाचे केस सांगलीत कसे कापू?

मंडळी, सांगलीत आमच्या सोसायटीच्या कार्यक्रमासाठी ओ. हेन्रीच्या १९०५ सालच्या 'द गिफ्ट ऑफ द मॅजाय' या कथेवरून छोटं नाटुकलं लिहितोय. नाताळच्या भेटीसाठी नायिका डेलाकडे जेमतेम १ डॉलर ८७ सेंट. ती २० डॉलरला केस विकून नवऱ्याच्या, जिमच्या घड्याळाला साखळी घेते. त्यानं तेच घड्याळ विकून तिला कंगवे आणलेले.

नाताळाऐवजी दिवाळीचा पाडवा घेतलाय, ओवाळणी आयतीच मिळाली! अडलंय ते केसांपाशी. सवाष्णीचे कापलेले केस बघून पुढच्या रांगेतल्या आज्ज्या प्रेमाआधी अपशकुनच बघतील. मंगळसूत्र विकायला लावावं तर फारच रडकं होतं, शिवाय केस निदान पुन्हा वाढतात. तिनं दुसरं काय विकावं? की केसच ठेवू?