मदत हवी आहे: चेहऱ्याच्या सुजेचं दुखणं आणि ट्रायजेमिनल गँग्लिऑनचा आरएनए डेटा

मंडळी, इथे वेदनेवर किंवा आरएनए सिक्वेन्सिंगवर काम करणारं कुणी असेल तर प्लीज जरा बघा.

उंदराच्या मॅसेटरमध्ये, म्हणजे चावायच्या स्नायूत, सीएफए (सूज आणणारं एक रसायन) टोचून सूज आणली आणि नंतर त्याच बाजूच्या अख्ख्या ट्रायजेमिनल गँग्लिऑनचं, म्हणजे चेहऱ्याच्या संवेदनेचे न्यूरॉन असलेल्या गाठीचं, आरएनए सिक्वेन्सिंग (कुठला जीन किती चालू आहे ते मोजणं) केलंय, कंट्रोलला सलाईन. उंदराला दुखतंय यात शंकाच नाही, गालाला बारीक फिलामेंट नुसतं टेकवलं तरी डोकं झटकन मागे घेतो. पण डेटात वर आलेत ते बहुतेक इम्यून पेशींचे आणि ग्लियाचे, म्हणजे न्यूरॉनच्या आधार पेशींचे, जीन्स. वेदनेच्या न्यूरॉनमधले सीजीआरपी, टीआरपीव्ही१, सोडियम चॅनल एनएव्ही १.८, ज्यांच्यासाठी हा सगळा खटाटोप, ते जेमतेम हललेत.

मला वाटतं कपाळ, गाल, जबडा सगळ्यांचे न्यूरॉन त्या एकाच गाठीत, मॅसेटरला जाणारे त्यातले थोडेच, वर प्रत्येक न्यूरॉनला सॅटेलाइट ग्लियाचं वेटोळं, मग बदललेल्या न्यूरॉनचा आवाज गर्दीत दबणारच. आणि दुसरं म्हणजे सुजेतला एनजीएफ (नसांच्या वाढीचं प्रोटीन) अ‍ॅक्सॉनमधून, म्हणजे न्यूरॉनच्या लांब तंतूतून, वर येऊन पी३८ हे एन्झाइम चालू करतो आणि टीआरपीव्ही१चं प्रोटीन वाढतं पण एमआरएनए (ते प्रोटीन बनवायचा आरएनए संदेश) तेवढाच राहतो, हे पाठीच्या डीआरजीत, म्हणजे मणक्याजवळच्या तशाच गाठीत, दिसलेलं आहे. तसंच इथे असेल तर आरएनए कितीही मोजा, हाती काही लागणार नाही, आणि हीच मला जास्त काळजी आहे.

आता मॅसेटरमध्ये आधी ट्रेसर (नसेतून न्यूरॉनपर्यंत जाणारा रंग) टोचून फक्त रंगलेल्या पेशी वेगळ्या काढाव्यात का? पण पेशी सुट्या करतानाच फॉस, एटीएफ३ हे ताणाला जागे होणारे जीन्स चढतात म्हणतात. नस दुखावली तरी एटीएफ३ जोरात चढतो, मग सुजेमुळे किती आणि बाकीचं किती हे ओळखायचं कसं?

उत्तर: तुमची पहिली शंका बरोबर वाटते. गँग्लिऑन काढल्या काढल्या गोठवा आणि न्यूक्लियसचं सिक्वेन्सिंग करा, पेशी सुट्या करायचा त्रास बराच वाचतो. फक्त साधा ट्रेसर सायटोप्लाझममध्ये असतो, न्यूक्लियस काढलं की गेला. म्हणून स्नायूतून मागे गँग्लिऑनपर्यंत जाणारा एएव्ही (जीन वाहून नेणारा निरुपद्रवी विषाणू) घ्या, ज्याचा रंग न्यूक्लियसमध्येच बसतो. तो सूज आणायच्या बऱ्याच आधी टोचा, सलाईनच्या गटालाही, म्हणजे सुईची इजा दोन्हीकडे सारखी. पण त्याआधी एक स्वस्तातलं काम करा, ट्रेसर टोचलेल्या उंदराच्या गँग्लिऑनचे काप घेऊन फक्त रंगलेल्या न्यूरॉनमध्ये टीआरपीव्ही१चा एमआरएनए इन सिटूने (कापातच आरएनए रंगवून) आणि प्रोटीन अँटीबॉडीने बघा. प्रोटीन वाढलं आणि एमआरएनए तसाच असेल तर निदान टीआरपीव्ही१साठी सिक्वेन्सिंगवर आणखी पैसे घालायची गरज नाही.